चौबळसाहेबांची तापणारी टर्बो

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये ज्या नव्या बिल्डिंगी उठत होत्या, त्यांतल्या एकीच्या दारात दिनानाथ चौबळांची पांढरी गाडी उभी असे. 'उभी असे' हे मुद्दाम म्हटलं आहे. ती हलली, तरी परत आली की शेजारी विचारत, "आज चालत आली की ओढत?" गाडी कुठल्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता. एका सरकारी खात्यानं वापरून, पिळून, शेवटी लिलावात काढलेली ती गाडी चौबळांनी रिटायर व्हायच्या थोडं आधी घेतली आणि उल्हासनगरच्या टेकचंदच्या स्वाधीन केली. टेकचंदनं तिच्यात इतकं काही बदललं की मूळ कंपनीचं म्हणावं असं तिच्यात टप, दारं आणि बोनेट एवढंच उरलं.

चौबळ अंबरनाथला कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या खात्यात ऑफिसर होते. लोखंड भट्टीत तापवायचं, ठरलेल्या रंगाला आणायचं आणि तेलात बुडवायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. त्या भट्टीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नाकाच्या शेंड्याचा कायमचा तांबूस रंग, आणि दुसरी म्हणजे उष्णता या विषयात आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय ही खात्री. भट्टीच्या दाराच्या फटीतून दिसणाऱ्या लालीवरून ते तापमान सांगत. मीटर वेगळं काही दाखवत असेल तर मीटर दुरुस्तीला जाई. घरी चहाचा पहिला घोट घेऊनही ते म्हणत, "मालिनी, आज हा पाच अंश खाली आहे." मालिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यावर काही बोलत नसत. संसारात इतकी वर्षं काढलेली बाई ज्या विशिष्ट तऱ्हेनं काही बोलत नाही, तशा त्या बोलत नसत.

आता अशा माणसानं साधी गाडी साधेपणानं चालवावी की नाही? पण टेकचंद त्यांना ओळखून होता.

"साईं, ये देखो. जपानचा माल आहे. टर्बो आहे टर्बो," तो एका तेलकट इंजिनावर थाप मारत म्हणाला होता. "डिझेल कमी पितो, पळतो जास्ती. तुमच्या कारखान्यात एक तरी साहेबाकडे आहे काय?"

शेवटचा प्रश्न बरोबर जागी लागला. टर्बो म्हणजे काय, हे चौबळ पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा गरागरा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा म्हणजे जादा ताकद. फुकटातली ताकद! एवढं सांगून ते थांबत. तो पंखा ज्या डबीत फिरतो ती डबी चढावर निखाऱ्यासारखी लाल होते, हे ते सांगत नसत. जपान्यांनी ते इंजिन ज्या ऐसपैस गाडीसाठी बनवलं, तिच्यात त्या डबीभोवती हवा खेळायला जागा ठेवली होती. इथे टेकचंदच्या माणसांनी ते बसवताना घण वापरला. नाकापेक्षा मोती जड झाला, आणि बोनेटखाली हात तर सोडाच, बोट घालायलाही जागा उरली नाही.

त्यात तापमानाच्या मीटरची गंमत. जुन्या इंजिनाबरोबर जुना मीटर गेला. टेकचंदनं जपानीच मीटर शोधून आणला, पण त्याला वायर नव्हती, एक बारीक तांब्याची नळी होती. ती ना वाढवता येत, ना जोडता. ती जिथवर पोचली तिथे मीटर बसवला, आणि ती पोचली डॅशबोर्डच्या पार डाव्या टोकाला. ड्रायव्हरला दिसणार नाही अशा जागी काटा, आणि शेजारी बसणाऱ्याच्या अगदी नाकासमोर. सगळ्या ठाणे जिल्ह्यात अशी गाडी दुसरी नसावी, असं चौबळ म्हणत. म्हणताना त्यांचा सूर तक्रारीचा नसे.

काटा वाचायला आधी मालिनीबाई बसल्या.

"किती?"

"मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे किती?"

"मध्ये म्हणजे मध्ये. तुम्ही समोर बघा."

त्यांची नेमणूक त्याच दिवशी रद्द झाली आणि ते काम मीनलकडे आलं. मीनल ही चौबळांची एकुलती एक मुलगी. तिला नुकतीच अंबरनाथच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली होती. बाबा सकाळी तिला गाडीनं सोडत, संध्याकाळी आणत. रिकाम्या माणसाला तेवढंच काम. वाटेत संभाषण चाले ते असं: "किती?" "ऐंशी." "आता?" "ब्याऐंशी." शहाण्या माणसाला वाटावं की हे बापलेक आहेत की स्टेशनमास्तर आणि गार्ड. पण चौबळांना मुलीशी बोलायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. 'बरी आहेस ना, ऑफिसात कोणी बोललं का,' असलं त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. ते 'किती' विचारत आणि तिच्या 'ऐंशी'च्या आवाजावरून त्यांना कळायचं ते कळे. मग दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते तिच्या डब्यात पेरू ठेवत.

टर्बोचा आणखी एक नियम होता. पळून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही, कारण ती लाल डबी आतलं तेल जाळून त्याचं डांबर करते. इंजिन तसंच धडधडत ठेवून थोडा वेळ बसून राहायचं. म्हणून घरी आल्यावरही बापलेक गाडीतच बसलेले असत. मीनल पर्समधले खारे दाणे काढी, अर्धे बाबांच्या हातावर ठेवी, आणि दोघं समोरच्या भिंतीकडे बघत दाणे खात. बिल्डिंग ज्याच्या जमिनीवर उभी होती तो कुळगावचा हरिचंद्र, समोरच्याच चाळवजा घरात राहायचा. तो रोज ओट्यावरून ओरडे, "सायेब, उतरा आता, घर आला!"

असं सगळं सुरळीत तापत असताना मीनलचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, नाव श्रीपाद प्रधान, बँकेत नोकरीला, स्वभावानं इतका गरीब की चौबळांना तो पहिल्या भेटीत आवडला आणि दुसऱ्या भेटीत त्याची काळजी वाटली. काळजीचं कारण त्याचे वडील. विष्णुपंत प्रधान एका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, आणि कुजकं बोलण्यात त्यांचा हात धरणारा पुण्यात नव्हता. पुण्यात नव्हता, म्हणजे बघा.

याद्या करायला चौबळ कुटुंब टर्बोतून गेलं. घाट कसाबसा चढला, पण पुण्याच्या गर्दीत काटा जो वर गेला तो खाली येईना, आणि प्रधानांच्या फाटकातच रेडिएटरनं तोंड उघडलं. वाफेचा एक लोट, शिट्टी, आणि विष्णुपंतांच्या गुलाबांच्या दोन कुंड्यांना उकळत्या पाण्याचा अभिषेक. सगळे व्याही-विहिणी दारात बघत उभे.

"चौबळ," विष्णुपंत म्हणाले, "चहा आत ठेवलाय. तुम्ही बाहेर कशाला आधण ठेवलंत?"

लोक हसले. मालिनीबाईसुद्धा हसल्या, हे विशेष. निघताना विष्णुपंतांनी दुसरा बाण सोडला. "गृहप्रवेश दिवेलागणीच्या आत व्हायला हवा, आमच्याकडे तशी रीत आहे. पाठवणीला इथून गाडी पाठवतो. उगाच सून घाटात पाणी भरत बसायला नको."

चौबळांचं नाक नेहमीपेक्षा तांबडं झालं. "माझी मुलगी माझ्या गाडीतून येईल," ते म्हणाले. "आणि काटा ऐंशीच्या वर गेला, तर जन्मात पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही."

"लिहून ठेवतो," विष्णुपंत म्हणाले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते हे असं. घरात लग्नाची तयारी सुरू झाली आणि वधूपिता बोनेटखाली शिरला. हॉल मालिनीबाईंनी ठरवला, साड्या मालिनीबाईंनी घेतल्या, आचाऱ्याशी भांडल्या त्याही मालिनीबाईच. चौबळांनी एकच खातं सांभाळलं: उष्णता.

आणि इथे त्यांनी अशी चूक केली, जी भट्टीवर जन्म काढलेला माणूसच करू शकतो. भट्टीवाल्याचा धर्म एकच, आतली ऊब आत राहिली पाहिजे. फट दिसली की बुजव, पत्रा दिसला की त्यावर थर चढव. चौबळांनी उल्हासनगरातून न जळणारी दोरी आणि कापड गोणीभर आणलं आणि गाडीवर तोच धर्म चालवला. धुराचा पाइप गुंडाळला, ते ठीक होतं. पण मग त्यांनी टर्बोची डबीही गुंडाळली, तिच्या तेलाची नळी गुंडाळली, बोनेटच्या कडांना दोरी चिकटवून फटी बंद केल्या, धूळ नको म्हणून खालून पत्रा ठोकला. जाळीतून येणारी हवा 'उलटसुलट फिरते' म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या. शेवटी ते उठले, हात पुसले आणि समाधानानं म्हणाले, "आता बघ. एक अंश बाहेर जाणार नाही."

खरोखरच गेला नाही. सगळेच्या सगळे अंश आत राहिले.

पहिल्याच फेरीत बोनेटचा रंग फुगला. बिल्डिंगमधल्या बायकांना हे आधी कळलं. गाडी येऊन उभी राहिली की त्या बोनेटवर कुरडया घालू लागल्या, आणि त्या उन्हापेक्षा लवकर वाळू लागल्या. हरिचंद्राच्या बायकोनं, काशीनं, एकदा सुके बोंबील टाकले. चौबळ खाली उतरून तिच्यावर रागावले, पण वासासाठी नव्हे. बोंबील नेमके रेडिएटरच्या वर टाकल्यामुळे 'उष्णतेचा प्रवाह बिघडतो' यासाठी.

"कसला परवाह?" काशीनं नवऱ्याला विचारलं.

"गप रव्ह," हरिचंद्र म्हणाला. "सायबांची गारी नाय ती, चूल हाय."

पण कळस झाला तो कुळगावच्या बाजारात. चौबळ मीनलला घेऊन येत होते आणि बोनेटखाली हॉर्नच्या वायरीचं प्लॅस्टिक वितळून दोन तारा एकमेकींना भेटल्या. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. भाजीवाल्या, सायकलवाले, गायी, सगळे बाजूला झाले. मंत्री येतोय की काय म्हणून एका दुकानदारानं हात जोडले. चौबळ ताठ मानेनं, जणू आपणच वाजवतोय अशा थाटात, सबंध बाजार पार करून गेले. मीनल मात्र सीटवरून खाली घसरून हसत सुटली होती. हसता हसता तिनं आकडा सांगितला, "शंभर, बाबा. शंभराच्या पुढे आकडेच नाहीत."

त्यांनी गाडी थांबवली, बोनेट उघडलं, वायर उपटली. पण तापून वाकडं झालेलं बोनेट आता बंद होईना. कडी बसेना. शेवटी भाजीच्या पोत्याची सुतळी मागून घेतली आणि पुढची बाजू चार बोटं उघडी ठेवून बोनेट बांधलं. अशी तोंड वासलेली गाडी घेऊन ते निघाले.

"किती?" त्यांनी हताशपणे विचारलं.

"ब्याण्णव." मग जरा वेळानं, "अठ्ठ्याऐंशी." मग, "बाबा, ऐंशी आहे."

"मीटर बिघडला," चौबळ म्हणाले.

मीटर बिघडला नव्हता. ते तसेच बारवी धरणाच्या चढाला गेले, वरपर्यंत गेले, तरी काटा ऐंशीला. भट्टीत उष्णता ठेवायची असते आणि गाडीतून ती जाऊ द्यायची असते, हे एवढं साधं सत्य एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाच्या ध्यानात यायला भाजीच्या पोत्याची सुतळी लागली. दोन-चार दिवस ते घरात कोणाकडे बघत नव्हते. मग आपणच हा शोध लावला असं ठरवून ते पुन्हा माणसात आले.

मग मात्र त्यांनी काम नीट केलं, हे मान्य करायला हवं. दोरीचे थर उतरवले, फक्त धुराचा पाइप गुंडाळलेला ठेवला. टर्बो आणि वायरी यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा लावला. बॅटरी उचलून डिकीत नेली. खालचा पत्रा आणि जाळीवरच्या पट्ट्या फेकल्या. आणि उल्हासनगरला जाऊन बोनेटला माशाच्या कल्ल्यांसारखे तिरके झरोके पाडून घेतले. टेकचंदनं आपल्याकडून लाल अक्षरांत 'टर्बो' असंही रंगवून दिलं. गाडी उभी राहिली की झरोक्यांवरची हवा थरथरताना दिसे. हरिचंद्राची तांदळाची पोती भरून चौबळ कर्जतच्या बाजूचे सगळे चढ चढून आले. काटा ऐंशी. भर दुपारी, ऐंशी. ते इतके खूश झाले की त्यांनी मीनलच्या पाठीवर थाप मारली. अशी थाप त्यांनी तिच्या पदवीलाही मारली नव्हती.

मीनल हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. लग्न पुढच्या आठवड्यात होतं.

लग्न बदलापुरात दुपारच्या मुहूर्तावर लागलं. मे महिना, हॉलचे पंखे गरम हवा वरून खाली आणत होते. पाठवणीच्या वेळी पहिला तमाशा फुलांचा. सजावटवाल्यानं सबंध बोनेटवर झेंडूची चादर अंथरली होती. चौबळांनी ती ओढून काढली. "श्वास कोंडेल तिचा!" ते ओरडले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, बापाचं मन भरून आलंय. त्यांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी एक गजरा आरशाला अडकवला, तेवढ्यावर भागलं.

दुसरा तमाशा बसण्याचा. नवरानवरी मागे बसतात हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण काटा कोण वाचणार? "मीनल पुढे बसेल," चौबळांनी जाहीर केलं. गुरुजी म्हणाले, गाठ सोडता येणार नाही. "मग सोडू नका," चौबळ म्हणाले. तेव्हा नवरी शालूत, मुंडावळ्यांसकट पुढच्या सीटवर, नवरा तिच्या मागे, आणि दोघांची लग्नगाठ दोन सीटांच्या मधून हँडब्रेकवरून गेलेली, अशी ती वरात निघाली. श्रीपादशेजारी पाठराखीण म्हणून मालिनीबाईंची बहीण कुमुदिनीमावशी बसली. ती नेरळ यायच्या आत झोपली. वधूपित्यानं पाठवणी करायची असते, पोचवणी नव्हे, असं कोणीतरी पुटपुटलं. मालिनीबाई दारातच राहिल्या. त्यांनी मुलीच्या मांडीवर लोणच्याची बरणी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सावकाश न्या." काटा वाचायची नेमणूक रद्द झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी गाडीविषयी काही सांगितलं होतं.

खोपोलीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. "किती?" "ऐंशी." घाट लागला. कडेला ओळीनं गाड्या उभ्या होत्या, बोनेटं उघडी, कोणी बाटलीनं पाणी ओततंय, कोणी टॉवेलनं वारा घालतंय. त्या सगळ्या नव्या, कंपनीतून जशाच्या तशा आलेल्या गाड्यांना मागे टाकत चौबळांची टर्बो शिट्टी घालत वर चालली. चौबळांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांना विष्णुपंतांचा चेहरा दिसू लागला. उन्हं असताना फाटकात गाडी उभी करायची, बोनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'ठेवा विष्णुपंत, तुम्हीही ठेवा हात.' वाक्य त्यांनी मनात दोनदा घोळवलं.

"किती?" ते म्हणाले.

मीनलनं मुंडावळ्या मागे सारल्या.

"किती, मीनू?"

"पंच्याण्णव," मीनल म्हणाली.

चौबळांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. पूर्वी काटा नव्वदीला पोचला की त्या पावलाला चटका बसे. आता पाऊल गार होतं. तापलेल्या रंगाचा वास नव्हता. इंजिनाचा आवाज गुळगुळीत होता. भट्टीत डोकावून अंश सांगणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती काट्याकडे बघतच नव्हती. ती समोर बघत होती, आणि बरणी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. काटा ऐंशीवर होता आणि मुलगी घाबरली होती.

त्यांनी गाडी कडेला घेतली.

बोनेट उघडलं. सगळं ठाकठीक होतं. मीनल उतरली म्हणून गाठीपायी श्रीपादलाही उतरावं लागलं. तिघं रस्त्याच्या कठड्यापाशी उभे राहिले.

"तापलंय ना, बाबा?" तिनं विचारलं.

"तापलंय," चौबळ म्हणाले. "बसू जरा."

ते कठड्यावर बसले. खाली दरी, मागून ट्रकांचा घरघराट. मीनलनं पर्स उघडली, दाण्यांची पुडी काढली. लग्नाच्या दिवशी नवरीच्या पर्समध्ये खारे दाणे! अर्धे तिनं बाबांना दिले. मग आठवण झाल्यासारखं आपल्या वाट्यातले थोडे नवऱ्याला दिले.

दुसऱ्यांदा ती खंडाळ्याच्या अलीकडे "सत्त्याण्णव" म्हणाली. चौबळांनी निमूट गाडी थांबवली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. लोणावळा गेल्यावर एक वडाचं झाड बरं दिसलं, तिथे त्यांनी आपणहून इंडिकेटर दिला. "थांबायला हवं," ते म्हणाले, आणि मीनल लगेच म्हणाली, "हो, शंभर आहे." दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काम कठीण झालं असतं. मुलीला सांगायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. सासऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस, तुझ्याशिवाय मी सकाळी कुठे जाणार, कधीही ये. त्यांतलं एकही त्यांना बोलता आलं नाही. ते म्हणाले, "इथली हवा पातळ असते. म्हणून जास्त तापतं." मीनल म्हणाली, "हो ना." ऊन कलत चाललं होतं, आणि त्याबरोबर चौबळांची प्रतिज्ञाही. ते त्यांना दिसत होतं. त्यांनी घड्याळ असलेला हात खिशात घातला.

वडगावच्या पुढे रस्ता सपाट. तिथे चौथ्यांदा गाडी थांबली तेव्हा श्रीपादनं, बँकेतला हिशेबी माणूस, विचारलं, "सपाटीवर पण तापते का?"

"टर्बोचं तसंच असतं," चौबळ म्हणाले. उष्णतेच्या बाबतीत ते आयुष्यात प्रथमच खोटं बोलत होते, आणि नीट बोलता येत नव्हतं.

श्रीपाद पुढे वाकला आणि त्यानं मीटर बघितला. बराच वेळ बघितला. मग त्यानं मीनलकडे बघितलं. तिचं काजळ गालापर्यंत आलं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "थांबलेलं बरं. मला घाई नाही."

चौबळांची जावयाबद्दलची काळजी तिथे निम्म्यानं कमी झाली.

प्रधानांच्या फाटकात गाडी पोचली तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. जेवणं उरकून पुढे आलेला सगळा गोतावळा बाहेर उभा होता. उंबऱ्यावर तांदळाचं माप वाट बघत होतं. विहीणबाईंचा चेहरा आंबट झाला होता. "पहिल्याच दिवशी उशीर," त्या कोणाच्या तरी कानात बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. मीनल दार उघडून तशीच उभी राहिली. विष्णुपंत पुढे आले. त्यांनी आधी आकाशाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग चौबळांकडे. चेहऱ्यावर असा आनंद, जसा पोराच्या लग्नातही दिसला नव्हता.

"काय चौबळ? तापली?"

चौबळांच्या जिभेवर सगळं आलं. ते झरोके, तो पत्र्याचा पडदा, खोपोलीपासून मागे टाकलेल्या त्या सगळ्या गाड्या. 'ठेवा हात' हे वाक्यही आलं, तयार, घोळवलेलं. बोनेट तिथेच होतं. कोणीही हात ठेवून बघितलं असतं. मग उशीर का झाला, हा प्रश्न मात्र गाडीला नव्हे, सुनेला विचारला गेला असता.

"तापली," चौबळ म्हणाले. "फार तापली हो. चार ठिकाणी थांबावं लागलं. तुमचं ऐकून तुमच्याच गाडीनं पाठवायला हवं होतं, विष्णुपंत. माझाच हट्ट."

विष्णुपंतांना इतक्या सहज जिंकण्याची सवय नव्हती. ते क्षणभर गोंधळले आणि मग असे फुलले की बघत राहावं. "मी म्हटलं होतं! मी तेव्हाच म्हटलं होतं!" ते प्रत्येकाला सांगू लागले. लोक हसले, चौबळांच्या गाडीला, चौबळांना, त्या लाल अक्षरांतल्या 'टर्बो'ला. कोणीतरी आधणाची ती जुनी गोष्ट काढली. हसण्यात विहीणबाईंचा आंबटपणा विरघळला. त्या पुढे झाल्या, मीनलचा हात धरून म्हणाल्या, "ये गं बाई. त्या भट्टीत बसून पोर वाळून गेली माझी. आधी पाणी पी, मग माप ओलांड."

मीनलनं वळून एकदा बाबांकडे बघितलं आणि आत गेली.

विष्णुपंतांचं मन आता मोठं झालं होतं. त्यांनी स्वतः नळावरून बादली भरून आणली आणि चौबळांपुढे ठेवली. "घ्या, पाजा तिला," ते म्हणाले. बघायला सगळे जमले होते. चौबळांनी बोनेट उघडलं, हातरुमाल धरून रेडिएटरचं झाकण काढलं, आणि काठोकाठ भरलेल्या रेडिएटरमध्ये ते पाणी ओतत राहिले. अंधारात पाणी खालच्या खाली वाहून जात होतं, आणि विष्णुपंत लोकांना म्हणत होते, "बघा, किती तहानली होती."